दोन बोटांची बट्टी

“कुमू, सुकटी?”

बावन्न वर्षं झाली, तरी तो आवाज कुमुदिनीबाईंच्या कानातून उतरला नव्हता. विडीने खरखरीत झालेला, पण शेवटाला हसरा. त्याला म्हणायचं असायचं ‘सुकती’. तेरेखोलच्या अलीकडे, खाडीकाठच्या खाजणवाडीत, ओहोटीला सुकती म्हणतात. पण गोऱ्या जिभेला ‘त’ काही वळायचा नाही. रोज सकाळी हा माणूस खाडीवर येऊन सुकट मागतोय असं वाटायचं आणि पोरं पोट धरधरून हसायची. त्यातून त्याचं नाव केस. हॉलंडात घरटी एक केस असतो हे पोरांना काय ठाऊक. खांद्यावर लोळणारे पिवळे केस, छातीपर्यंत दाढी, आणि नाव विचारावं तर म्हणतो, केस. मग तुझ्या भावाचं नाव काय रे, नाक? असं पोरं विचारायची, आणि तोही काही न कळता त्यांच्याबरोबर हसायचा.

कुमू तेव्हा दहा वर्षांची होती. केस बुडाला त्या दिवशी त्याने शेवटचं विचारलं ते तिलाच. नंतर फौजदार आला, पाटील आला, आईने दंडाला धरून विचारलं, “तुया बघलंस त्येका?” कुमू म्हणाली, “नाय.”

एवढाच एक शब्द. तो तिने लग्नात बरोबर नेला, पुण्याला नेला, नवऱ्याच्या उशाशी तीस वर्षं झाकून ठेवला, आणि आता तोच शब्द घेऊन ती केसच्याच देशात राहायला आली होती.

मुलगा अपूर्व नीउ-व्हेनेपमध्ये राहायचा. तिथून बाडहूव्हडॉर्पला, विमानतळाजवळच्या ऑफिसात जायचा. आल्या दिवशीच त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, “आई, आपण आत्ता समुद्राच्या पातळीच्या चार-साडेचार मीटर खाली आहोत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे सगळं तळं होतं. उपसून काढलं.”

“आणि पाणी गेलं कुठे?”

“सभोवती कालवा आहे ना, वर. त्यात.”

“आणि ते परत आलं तर?”

“पंप चालू असतात गं. चोवीस तास.”

तेव्हापासून कुमुदिनीबाईंना त्या नीटनेटक्या घरात, पडदे उघडे टाकून बसलेल्या त्या गावात, पाण्याखाली असल्यासारखं वाटे. फिरायला गेलं की कालवा डोक्याच्या वर दिसायचा. बांधाच्या पलीकडून एखादी होडी जायची, तिची नुसती शिडाची काठी घरांच्या छपरांवरून सरकत जायची. बाईंच्या आईची जात्यावरची एक ओवी होती:

खाडीच्या पाण्याला, नाय दार नाय कडी
आल्यागेल्याची गे बाय, कोण मोजी घडी

इथे लोकांनी पाण्याला दार लावलं होतं, कडी घातली होती. बाईंना त्या कडीचा काही भरवसा वाटत नसे.

मार्चमधल्या एका शनिवारी नाश्त्याला अपूर्व फोन नाचवत आला. “आई, तू फेमस होणार. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय. चौऱ्याहत्तर वर्षांची एक डच बाई आहे. तिचा भाऊ हिप्पी होता, त्र्याहत्तर साली गोव्याच्या हद्दीवर एका गावात वारला. तिला त्या गावचं कुणीतरी भेटायला हवंय. गाव कुठलं, सांग बघू.”

बाईंच्या हातातला चमचा पोह्यांतच थांबला.

“खाजणवाडी,” अपूर्व म्हणाला. “मी लगेच लिहून टाकलं, माझी आई तिथलीच.”

“तुला कुणी सांगितलं होतं लिहायला?”

“म्हणजे? अगं, सगळ्या नेदरलँड्समध्ये त्या वाडीची तू एकटी असशील. हे म्हणजे लॉटरीच आहे.”

“काही गोष्टी विचारून कराव्यात, अपूर्व. तू लहानपणापासून असाच. शाळेत बाईंनी विचारलं, डबा कोण आणेल, की हा हात वर. डबा करायची मी.”

शलाका, त्यांची सून, हसली. ती लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर आली होती. आता डच शिकून स्वतःचं भाषांतराचं काम करत होती. “आई, मी येईन ना बरोबर. तुम्ही मराठीत बोला, मी सांगेन. म्हातारी आहे हो बिचारी.”

“आजी, दॅट्स सो कूल,” नात हिमानी म्हणाली, आणि आजीच्या गळ्यात हात टाकून तिने फोटो काढला. फोटो काढताना तिने दोन बोटं वर केली, इंग्रजी व्हीसारखी. हल्लीची सगळीच मुलं करतात. हिमानीच्या प्रत्येक फोटोत ती दोन बोटं असायची, आणि दर वेळी बाईंची नजर आधी त्या बोटांवर जायची.

त्या बाईचं नाव तिनेके. घर बांधाच्या पायथ्याशीच होतं, कालवा छपराच्याही वर. फाटकावर लोखंडी वर्तुळ होतं आणि त्यात एक उभी रेघ, खाली दोन तिरक्या. कुमुदिनीबाई फाटकाशीच थबकल्या. केसच्या गळ्यात हेच होतं, पत्र्याचं, काळ्या दोऱ्यात. शांतीची खूण, असं तो हातवारे करून सांगायचा. पोरं त्याला कोंबडीचा पाय म्हणायची.

“काय झालं आई?”

“काही नाही. पायरी उंच आहे.”

तिनेके सडसडीत होती, पांढऱ्या केसांची एकच वेणी, बोटांना निळा रंग. तीस वर्षं तिने डेल्फ्टला टाइलांवर निळी चित्रं रंगवली होती. तिने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत.

शलाका सांगत गेली तसं कळत गेलं. केस तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. सैन्यात जायचं नाकारलं, म्हणून बापाशी बिनसलं. युद्ध नको, मालकी नको, कुलूप नको, म्हणायचा. सायकलीला कुलूप लावलं नाही म्हणून तीनदा सायकल गेली, तर म्हणे, बरं झालं, कुणाला तरी लागत असेल. मग रस्त्याने हिंदुस्थानात गेला. दीड वर्षाने वकिलातीचं पत्र आलं: नशेत स्वतःहून पाण्यात चालत गेला. बाप म्हणाला, त्याला मरायचंच होतं. आणि त्यानंतर त्या घरात केसचं नाव कुणी काढलं नाही.

“त्या विचारतायत,” शलाका हळूच म्हणाली, “त्याला खरंच मरायचं होतं का? एवढंच त्यांना मरायच्या आधी कळायला हवंय.”

खोलीत घड्याळ नव्हतं, पण कुठूनतरी एक बारीक घरघर येत होती. पंप असावा.

“मी लहान होते,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. मग त्यांना त्या निळ्या बोटांकडे बघवेना, आणि त्यांच्या तोंडून अर्धं निसटलं. “पण मी बघितलं होतं त्याला. त्या दिवशी. तो खाडीशी उभा होता. मी दोन बोटं वर केली. त्यानेही केली. हसला. आणि गेला.”

शलाकाने ते सांगितलं. तिनेकेने तोंडावर हात घेतला. तिचे डोळे भरून वाहायला लागले आणि ती हसत होती. तिने विचारलं, अशी? आणि आपली दोन बोटं वर केली.

“अशी,” बाई म्हणाल्या.

“त्या म्हणतायत, त्याला शेवटचं जे दिसलं ते एक मूल होतं, शांतीची खूण करणारं. बावन्न वर्षं मी अंधारात होते, म्हणतायत.” शलाका सासूकडे वळली. “आई, तुम्ही हे आम्हाला कधी सांगितलंच नाही.”

अर्धं सत्य घशातून सुटलं की उरलेलं अर्धं आणखी फुगतं, हे बाईंना परतीच्या वाटेवरच कळलं.

कारण खरं होतं ते असं.

केस त्यांच्या गुरांच्या मांगराच्या मागे झोपडी बांधून राहायचा. कुमूवर त्याचा जीव. तिच्याकडून शब्द शिकायचा, बदल्यात शिट्टी वाजवायला शिकवायचा. एकदा पोरांचं भांडण त्याने बघितलं. कट्टी म्हणजे करंगळी. मग बोलायचं नाही, हाक मारायची नाही, हाकेला ओ द्यायची नाही; जो आधी बोलेल तो हरला. बट्टी म्हणजे पहिलं आणि मधलं, दोन बोटं. ती एकमेकांच्या बोटांना टेकवली की भांडण मिटलं. केस ते बघून वेडाच झाला. आपली दोन बोटं वर करून नाचत सुटला. त्याची शांती आणि त्यांची बट्टी एकच निघाली होती. जगभर हिंडून आलो, असं काहीतरी तो म्हणत होता, आणि हे इथल्या पोरांना आधीच माहीत.

गळ्यातला कोंबडीचा पाय तो कुमूला देणार होता. निदान कुमूला तसं वाटत होतं. पण एके दिवशी तो पाय दिसला चुलतबहीण संध्याच्या गळ्यात. संध्याला ताप होता म्हणून त्याने दिला असेल. कुमूने काही विचारलं नाही. त्याच्यासमोर जाऊन तिने करंगळी दाखवली. कट्टी. तीन दिवस तो तिच्या मागे फिरला, दोन बोटं पुढे करत. तिने ढुंकून बघितलं नाही.

चौथ्या दिवशी तो पिशवी घेऊन उतारावर आला. खाडी ओलांडून पलीकडच्या बाजाराला जायचं होतं. काठावर कुमू एकटीच शिंपल्यातली कालवं फोडत बसलेली.

“कुमू, सुकटी?”

सुकती लागली होती, हे खरं. पण अजून अर्धीच झाली होती. खाडीकाठचं शेंबडं पोरही जाणतं की सुकती अर्ध्यावर असताना पाण्यात पाय घालायचा नसतो. वरून पाणी निजल्यासारखं दिसतं, आणि खालून सगळी खाडी समुद्राकडे पळत असते. दोन तास थांबायचं. मग गुडघाभर पाण्यातून गुरंसुद्धा जातात.

बोलायचं तर नव्हतं. कट्टी होती. म्हणून कुमूने तोंड न उघडता दोन बोटं वर केली. दोन तास.

केसचा चेहरा उजळला. तसा आनंद कुमूने पुढच्या साऱ्या आयुष्यात कुणाच्या तोंडावर बघितला नाही. त्याने दोन बोटं वर केली, हसला, आणि पाण्यात उतरला.

तिसऱ्या दिवशी तो पलीकडच्या काठाला लागला. गोव्याच्या बाजूला चर्चच्या आवारात पुरला.

पंधरा दिवसांनी तिनेकेचा फोन आला. रविवारी दुपारी या, सगळ्यांनी या, काहीतरी केलंय.

“मी नाही येत,” बाई म्हणाल्या.

“आई, त्या बाईने आठ जणांना बोलावलंय,” शलाका म्हणाली. “ केसचे त्या वेळचे मित्र. कुणी ग्रोनिंगनहून येतंय, काठी टेकत. तुमच्याचसाठी.”

“माझ्यासाठी नाही येत ते.”

“मग कुणासाठी?”

ते पंधरा दिवस बाईंना नीट जेवण गेलं नव्हतं. अंघोळीचं पाणी भोकातून गरगरत जाताना बघवत नव्हतं. हिमानीने काढलेला तो फोटो अपूर्वने मोठा करून फ्रिजवर लावला होता, आजी आणि नात, आणि मध्ये दोन बोटं. दूध काढायला गेलं की ती बोटं समोर.

तिनेकेच्या बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. वारा सुटला होता, तरी कालव्याचं पाणी वर बांधाआड असल्याने दिसत नव्हतं, नुसतं बांधाला थपडा मारताना ऐकू यायचं. पांढऱ्या वेण्या, रंगीत झगे, थरथरते हात असे ते सगळे म्हातारे एकेक करून बाईंसमोर आले आणि वाकून, जवळजवळ आपल्याकडे वाकतात तसं, नमस्कार करून गेले. एकाने तर त्यांचा हात कपाळाला लावला. बाईंनी तो झटकन मागे घेतला.

“लाजतेय,” अपूर्व इंग्रजीत म्हणाला, आणि सगळे मायेने हसले.

भिंतीवर चादर टाकलेली होती. तिनेकेने चादरीचं टोक बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ओढायच्या आत वाऱ्यानेच ती उचलली आणि खाली पाडली.

टाइलांची भिंत होती, पांढऱ्यावर निळं. खाडी, माड, दूर वाळूचा पट्टा. आणि काठावर परकर-पोलक्यातली एक मुलगी, वाऱ्याने केस उडालेली, दोन बोटं वर केलेली. तिनेकेने कधी खाजणवाडी बघितली नव्हती, पण पाणी तिने अचूक काढलं होतं, वरून निजलेलं. मुलीचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा शांत. ओठ मिटलेले. खाली एक शब्द लिहिला होता.

“फ्रेडे,” हिमानीने वाचलं. “शांती, आजी. पीस.”

सगळ्यांनी दोन बोटं वर केली. आठ म्हातारे, तिनेके, अपूर्व, हिमानी. बांधाला पाणी थपडा मारत होतं. कुमुदिनीबाईंना वाटलं, ही सगळी माणसं आता एकदम वळतील आणि हसत हसत त्या बांधाकडे चालू लागतील.

“आई, तुम्हीपण करा ना,” शलाका कुजबुजली. “त्या वाट बघतायत.”

बाईंचा हात वर गेला नाही.

“शलाका, तिला सांग, हे चित्र खोटं आहे.”

“काय?”

“ती मुलगी खोटी आहे. मी शांती सांगत नव्हते. दोन तास थांब, असं सांगत होते. पाणी वाईट होतं. त्याला ते कळलं नाही. सांग.”

शलाकाचा चेहरा उतरला. ती तिनेकेकडे वळली आणि डचमध्ये काहीतरी बोलली. दोन-तीन शब्द, मऊ. तिनेकेने मान हलवली, पुढे येऊन बाईंच्या गालावरून हात फिरवला.

“तू काय सांगितलंस?” बाईंनी विचारलं.

“सांगितलं.”

“मी एवढं बोलले, ते एवढ्यात संपलं?”

“आई, राहू द्या ना आता. लोक आलेत. त्यांना किती बरं वाटतंय बघा. लहान होता तुम्ही. कोण दोष देणार आहे?”

“आई, चल, बस जरा,” अपूर्व म्हणाला. “उन्हाने होतंय. चहा घेतेस?”

“ऊन कुठे आहे इथे,” बाई म्हणाल्या. त्यांनी सुनेचा हात धरला, जसा कधीकाळी आईने त्यांचा दंड धरला होता, घट्ट. “शलाका, तू पोटासाठी भाषांतर करतेस ना? मग नीट कर. मी एक वाक्य बोलेन, तू एक सांग. गाळायचं नाही, गोड करायचं नाही. तिच्या बापाने तिला एक खोटं दिलं, मी दुसरं दिलं. हे तुझं तिसरं घेऊन ती मरेल.”

शलाकाने सासूकडे बघितलं. मग तिने हळूच मान हलवली.

“तुझ्या भावाला मरायचं नव्हतं.”

शलाकाने सांगितलं. तिनेकेचा हात बाईंच्या गालावरून खाली आला.

“तो बाजाराला चालला होता. शुद्धीत होता. पाण्यात उतरण्याआधी त्याने मला विचारलं, जाऊ का.”

शलाकाने सांगितलं. काठीवाल्या म्हाताऱ्याने आपली दोन बोटं खाली घेतली. मग एकेकाने घेतली.

“मी रागावलेली होते. आमच्यात रागावलं की बोलत नाहीत. म्हणून बोटांनी सांगितलं, दोन तास थांब. त्याला वाटलं, माझा राग गेला.”

शलाकाने सांगितलं. ‘राग गेला’ला तिला शब्द सापडेना, शेवटी तिने करंगळी दाखवली, मग दोन बोटं. हिमानी आईकडून आजीकडे आणि आजीकडून भिंतीकडे बघत होती.

तिनेके जराशी वाकली आणि तिने एकच काहीतरी विचारलं, अगदी हळू.

“त्या म्हणतायत,” शलाका म्हणाली, “म्हणजे चूक झाली. लहान मुलीची, गैरसमजाची चूक. एवढंच ना?”

इथे थांबता आलं असतं. तिनेके जणू दार उघडून उभी होती, आत ये म्हणत होती. अपूर्वच्या डोळ्यांत तीच विनवणी होती. बाईंनी आपल्या मुलाकडे बघितलं, नातीकडे बघितलं, आणि मग तिनेकेच्या त्या निळ्या बोटांकडे.

“नाही,” त्या म्हणाल्या. “त्याने बोटं वर केली तेव्हाच मला कळलं, याला चुकीचं कळलंय. तो गुडघ्यापर्यंत गेला तेव्हा मी बघत होते. कमरेपर्यंत गेला तेव्हा बघत होते. माझा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जायचा, गुरांना मीच हाका मारायची. पण आधी बोलले असते तर मी हरले असते. म्हणून मी बोलले नाही.”

शलाका तिनेकेकडे वळली नाही.

“सांग तिला,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “मी हाक मारली नाही.”